कानशिलावरची धमनी आणि अर्धशिशी

श्रोतेहो, नमस्कार. अर्धशिशीचा ठणका सुरू झाला की हात आपसूक कानशिलावर जातो. बोटाखाली धमनी थडथड उडत असते, दाबून धरली तर घटकाभर बरंही वाटतं. मग शिरा फुगल्या म्हणूनच डोकं दुखतंय, असं कुणाला वाटणार नाही? डॉक्टरांनाही वर्षानुवर्षं तसंच वाटत होतं. १९३८ साली ग्रॅहॅम आणि वुल्फ या अमेरिकी संशोधकांनी अर्गोटामाइन हे रक्तवाहिन्या आकसवणारं औषध देऊन पाहिलं. धमनीचे ठोके मंदावले, दुखणंही ओसरलं. झालं, दोष धमनीच्या माथी बसला.

खातरजमा करायची तर ऐन दुखण्यात धमन्यांचं चित्र काढायला हवं. एमआर अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या एमआरआय तपासणीत, ते जमतं. वाहत्या रक्ताचाच संदेश यंत्र टिपतं, त्यामुळे या तपासणीच्या एका प्रकारात शिरेतून औषधही टोचावं लागत नाही. अडचण वेगळीच. अर्धशिशी काही वेळ ठरवून येत नाही. आली की रुग्णाला अंधार आणि शांतता हवी असते, आणि आपण त्याला सांगणार, गोळी घेऊ नका, या धडधडत्या नळीत निपचित पडा! अशा अभ्यासाला तयार होणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटतं.

कोपनहेगनच्या संशोधकांनी हे जमवलं. २०१३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९ स्त्रियांच्या धमन्या दुखणं चालू असताना आणि नसताना मोजल्या होत्या. कवटीबाहेरच्या, म्हणजे कानशिलावरच्याही, धमन्या फुगलेल्या आढळल्याच नाहीत. कवटीच्या आतल्या काही धमन्या दुखऱ्या बाजूला किंचित रुंदावल्या होत्या, पण एवढ्याशा फरकाने इतकं डोकं दुखेल, हे पटत नाही.

मग ठणकतं काय? आज संशय आहे तो ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणांच्या संवेदना वाहणाऱ्या चेतातंतूवर. त्याची टोकं सीजीआरपी नावाचं द्रव्य सोडतात आणि चेता इतकी हळवी होते की धमनीचा नेहमीचा ठोकाही सलतो. २०१८पासून मिळू लागलेली सीजीआरपीविरोधी इंजेक्शनं धमन्या न आकसवताही अर्धशिशीचे झटके कमी करतात.

अर्धशिशीचं निदान लक्षणांवरून होतं, दर झटक्याला स्कॅन लागत नाही. मात्र वीज कोसळावी तसं क्षणात शिगेला पोहोचणारं दुखणं, किंवा सोबत हातापायातली ताकद गेली, शुद्ध हरपली, तर अर्धशिशीच असेल म्हणून थांबू नका. तडक रुग्णालय गाठा.