तिकुनियाचा जामीन

हा तिकुनियाचा रस्ता. उत्तर प्रदेशातला लखीमपूर खीरी जिल्हा, उसाचा मुलूख. नेपाळची हद्द इथून अगदी जवळ.

३ ऑक्टोबर २०२१. उपमुख्यमंत्र्यांच्या दौऱ्याचा निषेध करून शेतकरी परत निघालेले. बघा, सगळे पाठमोरे आहेत. आणि ही मागून आलेली थार.

चार शेतकरी आणि एक पत्रकार गाड्यांखाली गेले. नंतरच्या मारहाणीत भाजपचे दोन कार्यकर्ते आणि एक चालक मारले गेले. थार होती तेव्हाचे केंद्रीय गृहराज्यमंत्री अजय मिश्रा यांच्या घरची. मुख्य आरोपी त्यांचा मुलगा आशिष. आपण तिथे नव्हतोच, असं त्याचं म्हणणं.

११ ऑक्टोबरला आपल्याकडे ‘महाराष्ट्र बंद’ झाला, तो याच प्रकरणासाठी. नंतर मात्र ही बातमी आपल्याकडे मागे पडली.

अलाहाबाद उच्च न्यायालयाचं हे लखनौ खंडपीठ. १८ जानेवारी २०२२ ला इथे आशिषच्या जामीन अर्जावर ऑनलाइन सुनावणी झाली. मृतांच्या कुटुंबांचे वकील स्क्रीनवर होते आणि मध्येच त्यांचं कनेक्शन तुटलं. पुन्हा जोडून द्या म्हणून वारंवार फोन केले, उपयोग झाला नाही. पुन्हा सुनावणी घ्या, हा अर्जही विचारात घेतला गेला नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांचं म्हणणं न ऐकताच १० फेब्रुवारीला जामीन मंजूर झाला.

या आदेशाला आव्हान द्यायला हवं होतं ते राज्य सरकारने. तपासावर देखरेख करणारे निवृत्त न्यायमूर्ती राकेशकुमार जैन यांनी तशी शिफारसही केली होती. सरकार गेलं नाही. शेवटी कुटुंबांनाच दिल्ली गाठावी लागली.

आता ही दोन कागदपत्रं शेजारी ठेवून पाहा. एफआयआरमध्ये गोळीबाराचा उल्लेख आहे, शवविच्छेदन अहवालात गोळीची जखम नाही. जामीन देताना उच्च न्यायालयाने या तफावतीला वजन दिलं. पण माणसं गाडीखाली चिरडली गेली, त्याचं काय? एफआयआर म्हणजे घटनेचा ज्ञानकोश नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं. गुन्हा किती गंभीर, शिक्षा किती मोठी, साक्षीदारांवर दबाव येईल का, हे जामिनाच्या वेळी बघायचं असतं.

आणखी एक गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. जामीन जायला आरोपीने बाहेर येऊन काही गैर करायलाच हवं असं नाही. आदेशच चुकीच्या पायावर उभा असेल, तर वरचं न्यायालय तो रद्द करू शकतं.

१८ एप्रिल २०२२ ला सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा, न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी तेच केलं. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडितांना आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे, असं या निकालात स्पष्ट लिहिलेलं आहे. आठवड्यात शरण या, असा आदेश झाला आणि जामीन अर्ज नव्याने ऐकायला उच्च न्यायालयाकडे परत गेला. कुटुंबांनी मिळवलेला हा हक्क आज देशातल्या कुठल्याही पीडिताचा वकील न्यायालयात मांडू शकतो.

२४ एप्रिलला आशिष शरण आला. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम जामीन दिला, २२ जुलै २०२४ ला नियमित. खटला तेव्हाही सुरूच होता.