ताईंची बॅच

(दृश्य: फ्यूम हूड, फिरणारा फ्लास्क)

या गोल फ्लास्कमध्ये क्लोरोफॉर्म आहे आणि त्यात विरघळलेली लिपिडं, म्हणजे मेदाचे रेणू. यांपासून कर्करोगाचं औषध आत भरायचे अतिसूक्ष्म गोळे बनणार आहेत. रोटरी इव्हॅपोरेटरवर फ्लास्क फिरत राहतो, क्लोरोफॉर्म उडून जातो आणि काचेला आतून पातळ पापुद्रा धरतो. तो सगळीकडे सारखा बसायला हवा. एकीकडे जाड, दुसरीकडे विरळ झाला की पुढे त्रास. म्हणून ताईंची नजर हलत नाही. पीएचडीची मुलं त्यांना ताईच म्हणतात. पद लॅब टेक्निशियनचं.

(दृश्य: वॉटर बाथ, मग एक्स्ट्रूडर, जवळून)

आता अमोनियम सल्फेटचं द्रावण, 60 अंशांच्या आसपास. पापुद्रा सुटतो आणि लिपिडं स्वतःहूनच गुंडाळत जाऊन पोकळ गोळे तयार होतात. हे लायपोसोम. पण सगळे लहानमोठे. ताई ते बारीक छिद्रांच्या पडद्यातून पुन्हा पुन्हा दाबून काढतात, आधी 400 नॅनोमीटर, मग 200, शेवटी 100. माणसाच्या केसाच्या जाडीत असे शेकडो गोळे ओळीने मावतील. रंगाकडे बघा. दुधासारखं पांढरं होतं ते आता निळसर झालंय, आरपार दिसायला लागलंय. आकार उतरल्याची ही पहिली खूण, मशीनच्या आधी डोळ्यांना कळणारी.

(दृश्य: लाल द्रावण)

गोळ्यांबाहेर उरलेलं सल्फेट काढून टाकलं, की डॉक्सोरुबिसिन, कर्करोगाचं औषध. ज्यांच्या घरात कुणी केमो घेतलीय त्यांना हा लाल रंग सांगावा लागत नाही. औषध गोळ्याच्या आत शिरतं, तिथे सल्फेटशी बांधलं जातं आणि अडकून बसतं. याच युक्तीवर बनलेल्या डॉक्सिल या औषधाला अमेरिकेत 1995 साली मंजुरी मिळाली. नुसतं डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करतं, गोळ्यात बंद असताना ती इजा कमी होते. कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतींना फटी असतात. त्या फटींतून हे गोळे गाठीत उतरतात, निदान काही गाठींत तरी.

(दृश्य: डीएलएसचा, म्हणजे प्रकाशाने कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्राचा पडदा)

सरासरी आकार ठीक आहे. पण ताई आधी पीडीआय बघतात, म्हणजे गोळ्यांच्या आकारात एकमेकांपासून किती फरक आहे ते. आकडा 0.2च्या वर गेला की ताई ती बॅच बाजूला ठेवतात. कुणी घाई करत असलं तरी ठेवतात.

(दृश्य: इन्क्युबेटर)

या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी. 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. अशा पेशी देशभरातल्या प्रयोगशाळांना पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात. त्यांचा गुलाबी मीडिया, म्हणजे पोषक द्रावण, पिवळा पडायच्या आत बदलावा लागतो, ऐन गणपतीतसुद्धा. प्लेटवर औषध घातलं, एमटीटी नावाचं रसायन घातलं, की जिवंत पेशी जांभळा रंग देतात. रंग जितका फिका, तितक्या पेशी कमी उरल्या.

इथून पुढे उंदीर, मग रुग्ण, आणि बरीच वर्षं. बहुतेक औषधं मधेच थांबतात.

(दृश्य: रजिस्टर, ताईंचं अक्षर)

लिपिडचा लॉट, तापमान, वेळ, किती वेळा दाबलं, सगळं इथे. तोच आकार पुन्हा हवा असला की संशोधक आधी हे रजिस्टर मागतात. निबंध छापून येतो तेव्हा टेक्निशियनचं नाव बहुधा आभारांत असतं, कधी तिथेही नसतं. ज्यांनी बॅच बनवली त्यांचं नाव लेखकांमध्ये यायला हवं.