पीकेंचं टॉनिक आणि आमचा हाफ टाइम

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ज्यांच्या दुपारी गेल्यात, त्यांना फुटबॉल समजावून सांगायची गरज नाही. पाटाकडील, प्रॅक्टिस, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही टीमची नावं आपल्या गावात पाहुण्यारावळ्यांसारखी घेतली जातात. तेव्हा नियमबियम बाजूला ठेवू. आज एकाच माणसाविषयी बोलणार आहे. प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजेच पीके. आधी भारताचा राइट आउट, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करणारा खेळाडू, आणि मग, माझ्या मते, भारतानं बघितलेला सगळ्यात मोठा बंगाली कोच.

पीकेंचा जन्म २३ जून १९३६चा, जलपाईगुडीचा. पुढं घर जमशेदपूरला गेलं. नोकरी रेल्वेत लागली आणि खेळही ईस्टर्न रेल्वेकडून. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग हे कोलकत्याचे तीन मोठे क्लब. खेळाडू म्हणून पीके यांतल्या एकाकडूनही खेळले नाहीत. पुन्हा सांगतो, एकाकडूनही नाही. रेल्वेचा पगार घेऊन, रेल्वेच्या टीममधून खेळून, १९५८ साली त्यांनी या तिघांच्या नाकावर टिच्चून कलकत्ता लीग जिंकली.

पगारावरनं आठवलं. आपल्याकडची पोरं सीझनभर जिवाचं रान करतात, पेठेची इज्जत राखतात आणि तिशीला आली की रिकाम्या हातानं घरी बसतात. ट्रॉफीच्या बक्षिसावर चूल पेटत नाही. खेळाडूला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळाला पाहिजे, हे मी गेली चाळीस वर्षं बोलतोय आणि मरेपर्यंत बोलणार. असो, पीकेंकडं वळू.

१९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो, त्या टीममध्ये पीके होते. १९६०ला रोमला तेच कॅप्टन. फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, तो आपला गोल पीकेंचा. आणि १९६२चं जकार्ता! एशियन गेम्सची फायनल, समोर दक्षिण कोरिया, सगळं स्टेडियम आपल्या विरोधात. जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले, तरी त्याला डिफेन्समधून उचलून फॉरवर्डला उभा केलेला. आपण २-१नं जिंकलो. एक गोल पीकेंचा, एक जर्नेलचा.

त्या टीमचे कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. कॅन्सरनं शरीर पोखरलेलं. फायनलच्या आदल्या रात्री त्यांनी पोरांना जवळ बसवून एवढंच मागितलं की उद्या मला भेट द्या, सोन्याची भेट द्या. पोरांनी दिली. पुढच्या वर्षी जूनमध्ये रहीमसाहेब गेले. पीके त्या रात्री ऐकणाऱ्यांत होते. हे लक्षात ठेवा, ते ऐकणाऱ्यांत होते. कारण पुढं कोच झाल्यावर पीके ज्यासाठी ओळखले गेले ते त्यांचं बोलणंच. बंगालमध्ये त्याला नाव पडलं, ‘व्होकल टॉनिक’.

कोच म्हणून त्यांची कामगिरी भराभर सांगतो. १९७०ला बँकॉकच्या एशियन गेम्समध्ये ब्राँझ, तेव्हा कोचच्या जोडीत पीके होते. फुटबॉलमध्ये एशियन गेम्सचं मेडल आपल्याला त्यानंतर आजतागायत मिळालेलं नाही. १९७२ला त्यांनी ईस्ट बंगाल हातात घेतलं. १९७५च्या आयएफए शील्ड या कोलकत्याच्या स्पर्धेच्या फायनलला मोहन बागानला ५-० हाणलं. पाच शून्य! आणि पुढच्याच वर्षी तेच पीके मोहन बागानचे कोच. आपल्याकडं कुणी असं पेठ बदलून दाखवावं! १९९७ला पुन्हा ईस्ट बंगाल, समोर मोहन बागान, सॉल्ट लेक स्टेडियमवर एक लाख एकतीस हजार माणूस, भायचुंग भुतियाचे तीन गोल आणि ४-१.

पण मला आज सांगायचंय ते १९७७चं. २४ सप्टेंबर, ईडन गार्डन्स. न्यूयॉर्कचा कॉसमॉस क्लब मोहन बागानशी खेळायला आला होता आणि त्यात होता पेले. साक्षात पेले! पाऊस पडून गेलेला, ग्राउंडचा चिखल झालेला. पीकेंनी मोहन बागानच्या गौतम सरकारवर काम सोपवलं की पेलेला धरायचं. मॅच सुटली २-२. नंतर पेले गौतम सरकारला म्हणाला, मला हलू न देणारा चौदा नंबर तो तूच. सरकारांनी स्वतःच हे पुढं सांगितलंय.

ही बातमी आमच्या तालमीत पोचली ती वर्तमानपत्रातनं. मी तेव्हा सतरा वर्षांचा, आमच्या टीमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेन्स, तीन नंबर. आमच्या कोचना आम्ही दादा म्हणायचो. एके काळचे नावाजलेले हाफबॅक, गुडघा गेला म्हणून खेळ सुटलेला. त्यांनी ते कात्रण कापून घेतलं आणि पाकिटात ठेवलं. आम्हाला वाटलं, पेलेचा फोटो म्हणून ठेवला असेल.

पुढच्या सीझनची गोष्ट. शाहू स्टेडियमवर दुसऱ्या पेठेच्या टीमशी आमची मॅच. त्यांचा राइट आउट असा होता, असा होता की काय सांगू. त्याचे लोक त्याला पेलेच म्हणायचे. बॉल पायाला लागला की पायऱ्यांवरनं आवाज उठायचा, "पेऽऽले!" तो आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा यायचा. पहिल्या हाफमध्ये तो दोनदा माझ्या अंगावरनं गेला आणि दोन्ही वेळा गोल. पंचवीस मिनिटांत ०-२. माझ्याच पेठेतले लोक माझ्या नावानं ओरडायला लागले. मला विचाराल तर आपल्या प्रेक्षकांत ही एक खोड वाईट आहे. मैदानावरचं पोरगं आपलंच असतंय, त्याला खालनं वर सगळ्यांनी मिळून शिव्या घालून काय मिळतं? रात्री ते पोरगं जेवत नाही, एवढंच.

हाफ टाइम झाला. मी सगळ्यांपासनं लांब, तोंड फिरवून बसलो. दादा लंगडत आले आणि माझ्यासमोर मातीतच बसले. पाकिटातनं ते कात्रण काढलं, घडीवर चिरत आलेलं.

"ह्यो कोण?"

"पेले."

"ह्यो न्हवं. ह्याच्या मागं."

"गौतम सरकार."

"त्याला भ्या वाटलं नसंल?"

मी गप्प.

"वाटलं असणारच की. पेले हाय त्यो! पर त्याच्या कोचनं त्यालाच निवडला. ग्यारा जणांतनं त्यालाच. आणि आज तुझ्याजागी दुसरा घालायचा का म्हणून मला मघाशी दोघं इचारून गेलीत. मी न्हाई म्हणालोय."

मग आवाज खाली आणला. आता फक्त मला ऐकू जाईल एवढाच. "तू त्याच्या पायाकडं बघतुयास. पाय नाचिवतोय त्यो, तुला फसवायला. पाय बघू नगोस, खांदा बघ. भाईर जायच्या आधी त्यो उजवा खांदा टाकतोय. दरवेळी टाकतोय. मी पंचवीस मिन्टं तेवढंच बघत बसलोय."

श्रोतेहो, व्होकल टॉनिक म्हटलं की लोकांना वाटतं नुसतं भावनेचं बोलणं, आईची शपथ, पेठेची आण. तसं नसतं. दादा पंचवीस मिनिटं एका माणसाच्या खांद्याकडं बघत होते. स्वतः खेळलेल्या माणसालाच तो खांदा दिसतो. आणि तो दिसल्यावर घाबरलेल्या पोराच्या गळी कसा उतरवायचा, ते बोलण्याचं काम. बघणं आणि बोलणं. पीकेंकडं दोन्ही होतं. पुन्हा म्हणतो, बघणं आणि बोलणं, दोन्ही.

दुसरा हाफ सुरू झाला. पहिलाच बॉल त्याच्याकडं गेला. "पेऽऽले!" मी पायाकडं बघितलंच नाही. खांदा खाली गेला आणि मी लाइनच्या बाजूला आधीच पोचलेलो. बॉल माझ्या पायात. क्षणभर मलाच कळेना की आता ह्याचं करायचं काय! मग तीनदा, चारदा तसंच झालं. तो चिडला, आत यायला लागला, तिथं आमचा हाफबॅक उभाच होता. आम्ही एक गोल फेडला. मॅच मात्र हरलो, १-२.

सुटल्यावर तो माझ्याकडं आला. घामानं निथळत होता. म्हणाला, "तीन नंबर, हे तुला कुणी सांगितलं रं?" मी दादांकडं बोट केलं. तो आपल्या टीमकडं गेलाच नाही. विजयाचा गुलाल उधळला जात होता, त्याच्या नावानं ओरडा चालला होता आणि हा सरळ दादांच्या शेजारी जाऊन मातीत बसला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. दादा आपल्या हातानं त्याचा उजवा खांदा खाली-वर करून दाखवत होते एवढं दिसलं.

पीके २० मार्च २०२०ला गेले. अर्जुन पुरस्कार मिळवणारे पहिले फुटबॉलपटू, पुढं पद्मश्री, फिफाचा ऑर्डर ऑफ मेरिट. दादा त्यांच्या आधी बरीच वर्षं गेले. ते कात्रण त्यांच्या घरच्यांनी मला दिलं, आता शब्द पुसट झालेत, फोटो तेवढा कळतो.

परवा सकाळी गांधी मैदानावरनं येत होतो. आठ-दहा वर्षांची पंधरा-वीस पोरं, आणि मधे पांढऱ्या केसांचा, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस. तोच. आमचा पेले. रोज सकाळी येतो म्हणे, एक पैसा घेत नाही. एका बारक्याला पुढं उभा करून सांगत होता, "पायाकडं बघू नगोस बाळा, खांदा बघ."

बारकं म्हणालं, "सर, आणि त्यानं खांदा टाकलाच न्हाई तर?"

त्यानं बॉल काखेत घेतला, मांडी घालून खाली बसला आणि पोरांना म्हणाला, "या, बसा सगळी. सांगतो."

नमस्कार.