उपकेंद्राची जागा

मित्रहो,

विजेची मागणी वाढली की नवे उपकेंद्र, म्हणजे विजेचा दाब उतरवून ती परिसरात वाटणारे केंद्र, हवे, याबद्दल कुणाचे दुमत नसते. ते नेमके कुठे उभारायचे हा प्रश्न मात्र बहुधा शेवटी विचारला जातो, आणि तोवर योग्य जागेवर इमारती उभ्या राहिलेल्या असतात. आज मी त्या जागेविषयीच बोलणार आहे.

नाशिकजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, म्हणून नाशिकला विजेची ददात नसावी, असे अनेकांना वाटते. पण ती वीज राज्याच्या जाळ्यात जाते. आपल्या घरातला दाब (व्होल्टेज) टिकतो की नाही, हे मुख्यतः ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) वाहिनी जिथे संपते त्या उपकेंद्रापासून आपल्या डीपीपर्यंत, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, ११ केव्हीची तार किती लांब आहे आणि तिच्यावर किती भार आहे, यावर ठरते. उपकेंद्रातले पाच एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) क्षमतेचे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पूर्ण भाराने चालले, तर ३३ केव्हीच्या बाजूला सुमारे ८७ अँपिअर आणि ११ केव्हीच्या बाजूला सुमारे २६२ अँपिअर प्रवाह वाहतो. तार तीच असेल तर प्रवाह तिप्पट झाल्यावर उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज नऊपट होते. म्हणून ३३ केव्ही भाराच्या मध्यापर्यंत आणावे आणि ११ केव्हीच्या वाहिन्या आखूड ठेवाव्यात.

निफाडकडे एका लांबलचक वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या द्राक्षबागेत मी एकदा उभा होतो. आजूबाजूचे सगळे पंप एकाच वेळी सुरू झालेले, आणि स्टार्टरवरचा व्होल्टमीटर ४१५ ऐवजी ३४० दाखवत होता. दाब पडला की मोटर तेवढ्याच कामासाठी जास्त प्रवाह ओढते, तापते आणि अखेर जळते. रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. नुसते रोहित्र मोठे केल्याने हे सुटत नाही. तोच भार दोन वाहिन्यांत निम्मा-निम्मा वाटला आणि प्रत्येकीची लांबी निम्मी केली, तर तारेतला तोटा साधारण चौथाईवर येतो. जवळच्या नव्या उपकेंद्राचा खरा लाभ हा आहे.

शहरात मात्र हीच जागा महाग असते. गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याकडे वस्ती भरल्यावर भूखंड शोधायला निघालो, तर तो मिळतो गावाबाहेर. मग स्वस्त जमिनीची किंमत लांब वाहिन्यांतून वर्षानुवर्षे मोजावी लागते. त्यातच ३३ केव्हीच्या उघड्या तारेपासून इमारत आडवी किमान २ मीटर लांब हवी, आणि गॅलऱ्या पुढे आलेल्या गल्लीत हे अंतर राखता येत नाही. तिथे भूमिगत केबलच टाकावी लागते. ती खर्चिक असते, आणि तिच्यातला बिघाड शोधायलाही वेळ लागतो.

यासाठी विकास आराखड्यात शाळा आणि उद्यानांच्या बरोबरीने उपकेंद्राचे आरक्षण पडले पाहिजे, आणि ते दहा वर्षांनंतरचा भार धरून पडले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाईने वाढवलेली क्षमता पर्व संपल्यावरही उपयोगी पडावी, तर तिचा विचार याच आराखड्यात व्हायला हवा. भूखंड निवडताना दोन गोष्टी मी आवर्जून पाहीन: रोहित्र आणणारा ट्रेलर वळेल एवढा रस्ता आहे का, आणि ३३ केव्हीची दुसरी वाहिनी वेगळ्या दिशेने आत घेता येते का. एकाच रांगेतल्या खांबांवरून दोन्ही वाहिन्या आणल्या, तर एका झाडाने दोन्ही तुटतात.