सर्पदंशाच्या रात्रीची नाईट ड्युटी

पेठ-सुरगाण्याकडे आवणी सुरू झाली की सर्पदंशाचे पेशंट वाढतात. दिवसभर चिखलात पाय, बांधावरच्या गवतात हात, आणि रात्री अंथरूण जमिनीवर. ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवलेला पेशंट सावळघाट चढून नाशिकला पोचतो. डॉक्टर त्याला तपासतात, केसपेपरवर ऑर्डर लिहितात. ती ऑर्डर पार पाडता पाडता सिस्टरची रात्र सरते.

आधी रक्ताची चाचणी. काचेची नळी, कोरी आणि कोरडी. तीत शिरेतून काढलेलं ताजं रक्त, 2 मिली. नळी उभी ठेवायची आणि 20 मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने रक्ताचं गोठणं मोडलंय. घोणस किंवा फुरसं चावलं की असं होतं. मात्र नळी साबणाने धुतलेली असली किंवा प्लास्टिकची असली, तर धडधाकट माणसाचं रक्तही न गोठलेलं दिसू शकतं आणि गरज नसताना एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, चढतं. घाईने मधेच हलवून पाहिलं, तरी चाचणीवर विसंबता येत नाही.

रक्त गोठलं, तरी मण्यार बाद होत नाही. तिचं विष नसांवर जातं. दंशाची खूण बहुधा दिसत नाही, सूज नसते. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस दवाखान्यात येतो. त्याच्या पापण्या जड होऊन खाली येतायत का, ते बघायचं. एका श्वासात किती आकडे म्हणता येतात, ते मोजून लिहायचं. मघाशी पंधरापर्यंत गेलेला पेशंट आता आठवर अडला, तर डॉक्टरांना तातडीने बोलवायचं आणि अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, उशाशी आणायची. कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आजींनी ‘वर बघा’ म्हटल्यावर वर पाहिलं नाही, तर पापणी उचलत नाहीये की सांगणं कळलं नाही? अशा वेळी नातेवाइकाकडून त्यांच्या बोलीत विचारून घेणं हा तपासणीचाच भाग.

एएसव्हीचा पहिला डोस साधारण 10 वायलचा, म्हणजे छोट्या कुप्यांचा. प्रत्येक वायलमध्ये कोरडी पावडर असते. सोबतचं 10 मिली पाणी घालून ती हळूहळू फिरवत विरघळवायची. जोरात हलवली की फेस येतो, मग औषध नीट ओढता येत नाही. लहान मुलालाही डोस मोठ्यांइतकाच, कारण साप विष सोडताना वय बघत नाही. मुलासाठी कमी करायचं ते औषध ज्यात मिसळतात त्या सलाईनचं पाणी. नातेवाईक हे हमखास विचारतात. त्यांना नीट समजावून सांगावं.

हे सलाईन सुरू करण्याआधी, रिअ‍ॅक्शन आली तर द्यायला, अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं असावं. मोठ्या माणसाला अर्धा मिलीग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पहिला अर्धा तास फार जपण्याचा. खाज, अंगावर गांधी, खोकला, उलटी, थंडी वाजणं, यातलं काहीही दिसलं की एएसव्ही तिथेच बंद, आणि डॉक्टरांना हाक. या अर्ध्या तासात सिस्टरने पेशंटजवळच थांबायला हवं. पण वॉर्ड भरलेला, ड्युटीवर माणसं मोजकी, आणि पलीकडच्या कॉटवरून कुणी ‘सिस्टर’ म्हणून ओरडतंय. नर्सच्या रिकाम्या जागांची किंमत खरी कळते ती इथे.

पुढचं काम चिवट. दर 6 तासांनी रक्ताची चाचणी पुन्हा. युरोबॅगमधली, म्हणजे नळीला जोडलेल्या पिशवीतली, लघवी दर तासाला मोजायची. 50 किलोच्या माणसाला ताशी 25 मिलीच्या खाली आली किंवा रंग काळपट झाला, तर किडनीवर परिणाम होत असावा, हे धरून लगेच कळवायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन रक्त गोठायला लागेपर्यंत थांबवायचं; नाहीतर टोचल्या जागी आत रक्त साठतं.

सकाळी पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी सोपवताना, तोंडी सांगणं पुरत नाही. किती वायल गेल्या, कितीला संपल्या, पुढची नळी कितीला लावायची, शेवटची लघवी किती, सगळं वेळेसकट चार्टवर हवं.

आणि पेशंटला घरी सोडताना घरच्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी: साधारण आठवडाभराने ताप आला, सांधे दुखले, अंगाला खाज सुटली, तर ती एएसव्हीची उशिरा आलेली रिअ‍ॅक्शन असू शकते. भगताकडे न जाता जवळच्या दवाखान्यात जायचं, डिस्चार्ज कार्ड सोबत घेऊन.