चिल्लर शब्दांची मोजदाद

श्रोतेहो, नमस्कार.

फोडणीत मोहरी किती, हे कुणी मोजून टाकत नाही. चिमूट आपसूक उचलली जाते. तरी घरातल्या माणसाला पहिल्याच घासाला कळतं, आजचं वरण आईचं की काकूचं. लिहिण्यातही अशी मोहरी असते. आणि, पण, तर, मात्र, मग... हे चिल्लर शब्द. माणूस ओळखायचा तर त्याचे चिल्लर शब्द मोजावेत, एवढंच आज मला सांगायचं आहे. त्यासाठी माझी अतिशय आवडती गोष्ट सांगते.

1787 साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत 'पब्लियस' या टोपणनावाने लेख येऊ लागले. अमेरिकेची नवी राज्यघटना मंजूर करा, असं लोकांना पटवणारे. एकूण 85 लेख, लिहिणारे तिघं: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. 1804 मध्ये हॅमिल्टन द्वंद्वयुद्धात मारले गेले. आपले लेख कोणते, याची यादी ते मागे ठेवून गेले होते. मॅडिसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी दिलेली यादी वेगळीच निघाली. 12 लेखांवर दोघांचाही हक्क! हा वाद दीडशे वर्षं मिटला नाही.

1941 साली फ्रेडरिक मॉस्टेलर नावाच्या तरुण संख्याशास्त्रज्ञाने तो हाती घेतला. जोडीला फ्रेडरिक विल्यम्स. दोघांनी ठरवलं, वाक्यांची लांबी मोजू. एकेक वाक्य घ्यायचं आणि शब्द मोजायचे, सगळं हाताने. सरासरी काय आली? हॅमिल्टनचं वाक्य 34.55 शब्दांचं आणि मॅडिसनचं 34.59. पुन्हा सांगते, 34.55 आणि 34.59. एवढा खटाटोप करून दोघं एकाच मापाचे निघाले! कागद बांधून ठेवण्यापलीकडे काय करणार?

ते कागद पुन्हा सुटले 1959 साली. डग्लस अडेर या इतिहासकाराने मॉस्टेलरना कळवलं की एकाच अर्थासाठी हॅमिल्टन 'व्हाइल' लिहितात आणि मॅडिसन 'व्हाइल्स्ट'. झालं, धागा मिळाला. पण वादातल्या काही लेखांत यातला एकही शब्द नव्हता. मग मॉस्टेलर आणि शिकागोचे डेव्हिड वॉलेस बाकीच्या किरकोळ शब्दांमागे लागले. लांब कागदी पट्ट्यांवर एका ओळीत एक शब्द टंकायचा, पट्ट्या कापायच्या आणि शब्द अकारविल्हे लावायचे. शेजारच्याने जोरात श्वास सोडला तरी चिठ्ठ्या खोलीभर उडत. असं झालं की जन्माचं वैर, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय! चाळून पाखडून ठेवलेल्या तांदळात कुणी पंखा लावला, तर आपल्याला काय वाटेल, ते आठवा.

या चिठ्ठ्यांतून 'अपॉन' हा शब्द वर आला. हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा 'अपॉन' लिहितात. मॅडिसन सहा हजार शब्दांत जेमतेम एकदा. राज्यघटना, सैन्य, कर असे भारदस्त शब्द दोघांकडेही आहेत, कारण ते विषयाने आणलेले. 'अपॉन' मात्र हाताने आणलेला. तरीही निकाल एका शब्दावर लावला नाही, हे लक्षात ठेवा. एका शब्दावर नाही. असे 30 शब्द निवडले, प्रत्येकाचं पारडं किती झुकतं ते गणिताने मांडलं आणि सगळ्यांचा भार एकत्र केला. 1964 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. बाराही लेख मॅडिसनच्या बाजूला गेले. क्रमांक 55 चा पुरावा त्यातल्या त्यात कमी पडला, पण झुकाव तिकडेच.

म्हणूनच शाळेतल्या निबंधात मुलाचा 'मग' दोनदा आला की लाल शाईने गोल करतात, ते मला मनापासून पटत नाही. तो 'मग' त्या मुलाचा आहे. तो काढला की चाळीस वह्यांत एकच निबंध उरतो. आणि दुसरं: जुनी पत्रं रद्दीत देऊ नका हो. पितळेची भांडी जपता, तशी पोस्टकार्डं जपा.

आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात पोस्टकार्डांचा गठ्ठा आहे. काही माझ्या आजीची, काही तिच्या धाकट्या बहिणीची. दोघींना पंतोजी एकच, त्यामुळे अक्षर सारखं. एका कार्डाचा सहीचा कोपरा उंदराने खाल्लेला. त्यावर लिहिलंय: 'भात पाण्यात गेला. असो. कपिला गाय गेली. असो. तुझी फार आठवण येते. असो.' आम्ही सह्या असलेली कार्डं काढून बसलो. आजीच्या कार्डांत 'असो' जवळजवळ प्रत्येक दुःखानंतर. बहिणीच्या कार्डांत तो फक्त शेवटी, 'कळावे'च्या आधी एकदा. मग 'परंतु' मोजले, 'म्हणून' मोजले, 'हो' आणि 'गं' मोजले. कार्डं थोडी, म्हणून शपथेवर सांगणार नाही. पण प्रत्येक शब्द आजीकडेच बोट दाखवत होता. ते कार्ड आम्ही तिच्या गठ्ठ्यात ठेवलं.

नमस्कार.