नोटीस वेगळी, अर्ज वेगळा

नमस्कार श्रोतेहो. कुळाकडची शेतजमीन मालकाला परत मागता येते का, यावर आज बोलायचंय. मी बोलतोय तो 1948 चा मुंबईचा कुळकायदा, आपल्या कोकणाला लागू असलेला. विदर्भ-मराठवाड्याचे कायदे वेगळे.

आधी माझ्या आजोबांची हकीकत ऐका. आमची खाडीकाठची भातखाचरं खंडाने एका कुळाकडे होती. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. कायद्याने मालकाला एक संधी दिली होती. जमीन स्वतः कसायची असेल तर 31 डिसेंबर 1956 पर्यंत कुळाला लेखी नोटीस द्यायची, आणि 31 मार्च 1957 पर्यंत मामलेदाराकडे ताब्यासाठी अर्ज करायचा. नोटीस वेगळी, अर्ज वेगळा. दोन्ही हवं.

आजोबांनी रजिस्टरने नोटीस पाठवली. पोस्टाची पावती आजीच्या पत्र्याच्या डब्यात, करंड्याखाली जपून ठेवली. अर्ज मात्र केलाच नाही. नोटीस पोचली म्हणजे झालं, असं ते धरून चालले. 1 एप्रिल 1957, कृषक दिन, म्हणजे कसणारं कुळ कायद्यानेच जमिनीचं मालक ठरण्याचा दिवस, उजाडला आणि जमीन तात्यांची झाली.

पुढे तात्यांनी आजोबांना जमिनीची किती किंमत द्यायची, ते ठरवायची सुनावणी निघाली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "अर्जाची पोच?" आजोबांनी डब्यातली पावती पुढे केली. "ही नोटिशीची. अर्जाची कुठाय?" आजोबांनी तीच पावती उलटी करून पुन्हा टेबलावर ठेवली. हे आजी सांगायची.

यापुढचं मी स्वतः पाहिलंय. तात्या दरसाल कचेरीत हप्ता भरून येताना आमच्या ओटीवर टेकायचे, चलन दाखवायचे. आजोबा चष्मा लावून आकडा वाचायचे. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी चलन परत देताना म्हणाले, "खालचा बांध खचलाय. पावसाआधी घालून घे."

जमीन गेली, तरी कसेल त्याला ती मिळाली हे योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे. आणि कागद जपा हो! हल्लीची मशीनची पावती दोन वर्षांत कोरी पडते. घरी आणल्याबरोबर झेरॉक्स काढा.

वेळेत अर्ज करणाऱ्यालाही सगळी जमीन मिळत नसे, निम्मी कुळाकडे ठेवावीच लागे. घेतलेली वर्षभरात कसली नाही, तर कुळाला परत.

विधवा, अल्पवयीन आणि अपंग मालकांना मुदत वाढवून होती. सैन्यातल्या जवानांसाठीही वेगळी तरतूद आहे. अशा मालकांच्या जमिनीत कुळाची खरेदीही पुढे ढकललेली असे, म्हणून विधवा मालकीण वारली, तर वारसांनी कुळाला तसं कळवायला हवं. न कळवता "तुझी खरेदीची मुदत संपली" म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय. कळवणं वारसांकडे. पुन्हा सांगतो, कळवणं वारसांकडे.

आणि कुळाने राजीखुशीने जमीन सोडली, तरी ते लेखी हवं आणि मामलेदारासमोर पडताळलेलं हवं. बांधावरच्या तोंडी बोलण्यावर ताबा घेऊ नका.